आपल्या नावावरचं व्याज

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

काल रात्री जेवणं झाल्यावर तुमच्यापैकी दोघी मला म्हणाल्या, "ताई, उद्या दुपारी तुम्ही बँक आणि इन्कमटॅक्सवर बोलणार म्हणे. मग आम्ही जरा पाठ टेकली तर चालेल ना?" चालेल की! मलाही काही वर्षांपूर्वी कोणी या विषयावर बसवलं असतं तर मी मागच्या रांगेत बसून डुलकीच काढली असती. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना आम्ही कुटुंब शिकलो, समुपदेशन शिकलो, स्त्रियांविषयीचे कायदे शिकलो. पण बँक आपल्या खात्यावरच्या व्याजाची माहिती कोणाला देते, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. ते मी सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांकडून शिकले. त्यातल्या तिघींच्या गोष्टी आज सांगणार आहे. नावं कोणाचीच घेणार नाही.

पहिली बाई चार घरी स्वयंपाकाची कामं करते. नवरा पितो. घरातला पैसा, तिचे दोन दागिने, मुलीच्या फीचे पैसे, सगळं एकेकदा बाटलीत गेलेलं. म्हणून तिने कामावरच्या एका बाईंच्या मदतीने लांबच्या शाखेत खातं उघडलं. नवऱ्याला पत्ता नाही. पाच वर्षांत त्यात साठ हजार जमले. एक दिवस ती केंद्रात आली ती घाबरलेली. कामाच्या घरी साहेब म्हणत होते की, आता बँका बचत खात्यावरचं व्याजसुद्धा सरकारला कळवतात. तिचा प्रश्न एवढाच होता, "ताई, सरकारला कळलं म्हणजे नवऱ्याला कळेल का?"

मी तेव्हा तिला चटकन उत्तर देऊ शकले नाही. "नाही हो, कसं कळेल?" असं म्हणणं सोपं होतं. पण मला खात्री नव्हती, आणि बाईचा जीव टांगणीला लागलेला असताना अंदाजाने बोलू नये. मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि माहिती काढायला लागले. आजचं भाषण तिथून सुरू झालं.

बँक काय काय कळवते?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू या, कारण बायकाच काय, शिकलेले पुरुषही त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे कर कापणं. दुसरी म्हणजे माहिती कळवणं.

कर कापणं, म्हणजे टीडीएस, हे मुदत ठेवीवरच्या आणि रिकरिंगच्या व्याजावर होतं. साध्या बचत खात्याच्या व्याजावर बँक कर कापत नाही. मुदत ठेवींचं वर्षाचं व्याज एका बँकेत ठराविक मर्यादेपलीकडे गेलं, की बँक त्यातून १० टक्के कापून सरकारजमा करते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. ही मर्यादा अनेक वर्षं १०,००० रुपये होती. २०१९ पासून ती ४०,००० झाली, आणि १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० आहे. साठीच्या पुढच्यांसाठी त्याच तारखेपासून एक लाख आहे. पूर्वी हा हिशेब शाखेपुरता असायचा. त्यामुळे लोक तीन शाखांत तीन ठेवी ठेवायचे आणि निर्धास्त व्हायचे. १ जून २०१५ पासून, सगळ्या शाखा संगणकाने जोडलेल्या बँकांत सर्व शाखांची बेरीज धरली जाते. आपल्या महाराष्ट्रात फार जणींच्या ठेवी सहकारी बँकांत असतात. तिथे सभासदांच्या व्याजावर पूर्वी कर कापत नसत. ती सवलतही त्याच तारखेपासून गेली.

कर कापला म्हणजे तो कायमचा गेला असं नाही. ज्या बाईचं उत्पन्न करपात्रच नाही, तिने विवरणपत्र भरलं तर तो परत मिळतो. आणि कापूच नये म्हणून वर्षाच्या सुरुवातीला बँकेला एक फॉर्म लिहून देता येतो. त्याच्याकडे पुढे येते.

आता दुसरी गोष्ट, माहिती कळवण्याची. मोठ्या व्यवहारांची माहिती बँका आयकर खात्याला पूर्वीपासून देत आल्या आहेत. एका वर्षात बचत खात्यांत दहा लाख किंवा जास्त रोख भरली, दहा लाख किंवा जास्त मुदत ठेवीत ठेवले, तर ते कळवायचं असतं. २०२१ साली यात व्याजाची भर पडली. करदात्याचं विवरणपत्र आधीच भरून तयार मिळावं, हा त्यामागचा सांगितलेला हेतू. सुरुवातीला ५,००० रुपयांच्या वरचं व्याज कळवायचं होतं. २०२३च्या जानेवारीत ती पायरीही काढली. खात्यावर काहीही व्याज जमा झालं असेल, तरी ते कळवायचं. जनधन खाती यातून वगळलेली आहेत. वर्ष मार्चअखेर संपतं, आणि बँका, सहकारी बँका, पोस्ट यांनी ही यादी मे अखेरपर्यंत द्यायची असते. त्यात नाव, पॅन, खातं आणि व्याज असतं. संयुक्त खातं असेल तर ते व्याज खात्यावर ज्याचं नाव पहिलं, त्याच्या पॅनखाली जातं. खातं अज्ञान मुलाचं असेल तर पालकाच्या.

ही सगळी माहिती पॅनवर गोळा होते आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावर 'वार्षिक माहिती विवरण' म्हणून दिसते. त्याला एआयएस म्हणतात. नोव्हेंबर २०२१ पासून ते सुरू झालं. कोणत्या बँकेने, कोणत्या खात्यावर, किती व्याज दिलं, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं.

साठ हजारांवर साधारण अडीच टक्क्यांनी वर्षाचे दीड हजार व्याज होतं. एवढ्यावर तिला कर बसण्याचा प्रश्नच नाही. मी तिला सांगितलं, "बँक तुमच्या नवऱ्याला काही कळवत नाही. सरकारही कळवत नाही. माहिती जाते ती तुमच्या पॅनवर." तिने सुस्कारा सोडला. मग मी विचारलं, "पॅनकार्ड कोणाकडे आहे? ते काढताना मोबाइल नंबर कोणाचा दिला होता?"

"त्यांचाच. माझ्याकडे तेव्हा फोन कुठे होता?"

इथे खरी मेख आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ज्याच्या हातात तुमच्या पॅनचा पासवर्ड आहे, किंवा ज्याच्या फोनवर तुमच्या आधारचा ओटीपी येतो, तो तुमची सगळी खाती बघू शकतो. म्हणजे तिच्या लांबच्या शाखेतल्या खात्याचं कुलूप मजबूत होतं, पण खिडकी नवऱ्याच्या बाजूला उघडत होती. तो बघेलच असं नाही. त्याला ते जमेलच असंही नाही. पण मुलगा मोठा होतो, पुतण्या शिकतो, गावातला फॉर्म भरून देणारा ओळखीचा असतो. आम्ही आधी तिच्या नावाचं सिमकार्ड घेतलं. मग आधार केंद्रावर जाऊन आधारला तो नंबर जोडला. मग बँकेत तो नंबर दिला आणि त्यानंतर आयकराच्या संकेतस्थळावर खातं उघडलं. या क्रमानेच करावं लागलं. चार खेपा झाल्या, दोन दिवसांची कामं बुडाली.

हे सांगताना मी स्वतःकडेही बघितलं. मी पगार मिळवणारी, तुम्हाला शिकवायला आलेली बाई. माझ्या पॅनचं खातं कोणी उघडलं होतं? वडिलांनी. नंबर कोणाचा होता? वडिलांचा. पासवर्ड मला माहीत नव्हता. माझे वडील भले माणूस आहेत, त्यांनी कधी काही वावगं केलं नाही. पण पस्तिशीला आलेल्या मुलीची वर्षाची मिळकत तिच्या आधी बापाला कळते, ही व्यवस्था भलेपणाच्या भरवशावर चालते. सगळ्यांच्या नशिबी भले लोक नसतात, म्हणून तर आपल्याला सल्ला केंद्रं चालवावी लागतात.

नाव तिचं, पावत्या त्याच्या कपाटात

दुसरी बाई मध्यमवर्गीय, पदवीधर. लग्नाला अठरा वर्षं. मारहाण, संशय, शेवटी घराबाहेर काढलं. तिने पोटगीचा अर्ज केला आणि लिहिलं की मला काही उत्पन्न नाही. ते तिच्या दृष्टीने अक्षरशः खरं होतं. पुढच्या तारखेला नवऱ्याच्या वकिलांनी कागद काढले. तिच्या नावावर आठ लाखांच्या मुदत ठेवी, वर्षाचं छप्पन्न हजार व्याज, त्यावर पाच हजार सहाशे रुपये कर कापल्याची नोंद, आणि तिच्या सहीचं विवरणपत्र. "ही बाई कोर्टाशी खोटं बोलते आहे," असं भर कोर्टात म्हटलं गेलं. ती केंद्रात आली तेव्हा रडतही नव्हती, नुसती सुन्न होती. म्हणाली, "सह्या माझ्याच आहेत. दर वर्षी ते कागद पुढे करायचे, इथे, इथे आणि इथे. मी करायची."

हे आपल्याला नवीन नाही. लग्नात दागिने बाईच्या अंगावर आणि चावी सासूच्या कनवटीला. घर बाईच्या नावावर, कारण मुद्रांक शुल्कात सवलत. तसं ठेव बाईच्या नावावर, कारण तिला दुसरं उत्पन्न नाही म्हणजे कर लागणार नाही. नाव वापरलं जातं, बाई नव्हे.

पण कायदा इथे काय म्हणतो, ते नीट ऐका. नवऱ्याने बायकोला मोबदला न घेता पैसे दिले आणि ते तिच्या नावावर ठेवले, तर त्यावरचं व्याज कराच्या हिशेबात नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. सासूसासऱ्यांनी सुनेच्या नावावर ठेवले, तर त्यांच्या उत्पन्नात. त्या व्याजाची पुन्हा गुंतवणूक केली आणि त्यावर जे व्याज आलं, ते मात्र तिचं. म्हणजे ज्या व्याजावरून तिला खोटारडी ठरवलं, ते आयकर कायद्याच्या नजरेत त्याचंच उत्पन्न होतं. त्याने ते स्वतःच्या विवरणपत्रात दाखवायला हवं होतं, आणि तिच्या नावाने विवरणपत्र भरून त्याने कर चुकवला होता.

तिच्या वकीलबाईंनी बँकेकडून खातेउतारे मागवले. ठेवीचं व्याज दर तिमाहीला एका संयुक्त खात्यात जमा होत होतं. त्या खात्यावर पहिलं नाव नवऱ्याचं, एटीएम कार्ड नवऱ्याकडे. बाईने त्यातून एक रुपया कधी काढलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं आहे की, पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. तिनेही ते नव्याने दिलं, ठेवींचा उल्लेख करून, आणि व्याज कुठे जातं ते दाखवून. अंतरिम पोटगी मंजूर झाली. त्या ठेवी अखेर कोणाच्या, हा वाद अजून चालू आहे. त्याबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

पण या प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. तिच्या नावाचं विवरण आम्ही उघडलं तेव्हा नवऱ्याने कोर्टात न दाखवलेल्या आणखी एका बँकेचं नाव त्यात होतं. तिथेही तिच्या नावावर ठेव होती. तिला ती माहीतच नव्हती! जी यादी तिच्यावर उगारली गेली, त्याच यादीने तिला आपल्या नावावर काय आहे ते सांगितलं. आणि नवऱ्याने उत्पन्न लपवलं असा संशय असेल, तर त्याची विवरणपत्रं आणि हे वार्षिक विवरण कोर्टामार्फत मागवण्याचा अर्ज करता येतो. आपल्या वकिलांना हे आठवणीने सांगा. सगळ्यांच्या लक्षात असतं असं नाही.

आता तो फॉर्म. व्याजावर कर कापू नका असं लिहून देण्याचा हा फॉर्म आपण इतकी वर्षं १५जी म्हणून ओळखत आलो, साठीच्या पुढच्यांसाठी १५एच. १९६१च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ संसदेने आणला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलतात. म्हणून क्रमांक पाठ करू नका, फॉर्म काय म्हणतो ते लक्षात ठेवा. त्यात आपण सही करून म्हणतो की, माझ्या वर्षाच्या सगळ्या उत्पन्नावर शून्य कर होतो. साठीच्या आतल्या बाईला आणखी एक अट आहे. तिच्या सगळ्या व्याजाची बेरीज करमुक्त मर्यादेच्या आत हवी. हे खोटं लिहून देणं गुन्हा आहे, आणि सही तुमची असते. "इथे, इथे आणि इथे" असं कोणी म्हणालं की हात थांबवा. वाचायला वेळ मागा. घरात त्यावरून वाद होईल, हे मला माहीत आहे.

गटाचे पैसे, अध्यक्षेची झोप

तिसरी गोष्ट आपल्यापैकी अनेकींच्या घरची आहे. बचतगट. नाबार्डने १९९२ साली बचतगट बँकांना जोडण्याचा पथदर्शी कार्यक्रम सुरू केला. गटाच्या नावाने खातं उघडता येतं, ही गोष्ट आता जुनी झाली. तरीही एका गावात असं झालं की, गटाची शिल्लक वाढल्यावर बायकांनी तीन लाखांची मुदत ठेव करायचं ठरवलं. गटाचा पॅन नव्हता. काउंटरवर सांगितलं, "अध्यक्ष आणि सचिवांच्या नावावर करून टाका, काही होत नाही." केली. पहिलं नाव अध्यक्षेचं. वर्षाचं एकवीस हजार व्याज झालं. मर्यादेच्या आत होतं, म्हणून कर कापला नाही, म्हणून कोणाला काही कळलं नाही. पण कळवलं मात्र गेलं, तिच्या पॅनवर.

अध्यक्षा विधवा. शिवणकाम करते. दीर गावात म्हणायला लागला की वहिनीने गटाचे पैसे स्वतःच्या नावावर केले. कोणीतरी म्हणालं, एवढी ठेव नावावर असेल तर सरकारी योजनेतून नाव कापतील. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात आयकर भरणारं कोणी नको, अशा अटी होत्या. एकवीस हजार व्याजामुळे कोणी आयकर भरणारी होत नाही. पण भीतीला हिशेब कुठे येतो? ती बाई महिनाभर झोपली नाही.

तिला आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. एक, गटाच्या बैठकीत ठराव करा की ही ठेव सगळ्या सभासदांची आहे, आणि वहीत सगळ्यांच्या सह्या घ्या. दोन, गटाचा पॅन काढा, ठेव मोडून गटाच्या नावाने करा. मुदतीआधी मोडल्याने थोडं व्याज गेलं, ते बायकांनी वाटून सोसलं. तीन, तिच्या वार्षिक विवरणात त्या व्याजाच्या ओळीसमोर अभिप्राय देण्याची सोय असते. माहिती बरोबर आहे, पूर्ण बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची आहे, दोनदा आली आहे, असं तिथे नोंदवता येतं. तिने ते नोंदवलं. गटातल्या एका सभासदाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ते करून दिलं. आता ती मुलगी साऱ्या गावातल्या बायकांची विवरणं उघडून देते.

आपण काय करायचं?

मैत्रिणींनो, सरकारला आपलं व्याज कळतं याचा राग मानण्यात अर्थ नाही. श्रीमंतांनी लपवलेला पैसा सापडावा, असं आपणच मोर्च्यात म्हणत आलो. माझी तक्रार वेगळी आहे. बाईच्या नावाची माहिती सरकारला कळते, बँकेला कळते, नवऱ्याला आणि त्याच्या कर सल्लागाराला कळते. आणि बाईला सगळ्यात शेवटी, तीही कोर्टात.

शिवाय या यंत्रणेला बाईची बचत म्हणजे काय ते कळत नाही. २०१६च्या नोटाबंदीत किती जणींच्या डाळीच्या डब्यातल्या, उशीच्या खोळीतल्या नोटा बाहेर आल्या ते आठवा. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने बँकेत भरलेल्या २,११,५०० रुपयांना खात्याने उत्पन्न ठरवलं. ती लढली, आणि जून २०२१ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने सांगितलं की, गृहिणींनी नोटाबंदीत भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम घरखर्चातली बचत मानावी. घर चालवण्याच्या कामाला किंमत आहे, हे आपलं म्हणणं तिथे कराच्या भाषेत मान्य झालं. ते एका बाईने अपील केलं म्हणून.

तेव्हा इथून गेल्यावर प्रत्येकीने पाच कामं करावीत, आणि आधी स्वतःची करावीत. आधारला जोडलेला नंबर कोणाचा आहे ते बघा, आपला नसेल तर बदलून घ्या. पॅनकार्ड आपल्या ताब्यात घ्या. आयकराच्या संकेतस्थळावर आपलं खातं आपल्या पासवर्डने उघडा आणि वार्षिक विवरणाची छापील प्रत काढा. त्यातल्या प्रत्येक खात्यासमोर लिहा, पैसे कोणाचे, पावती कोणाकडे, व्याज कुठे जमा होतं. आणि न वाचता एकाही कागदावर सही करू नका. मात्र जिच्या घरी मारहाण आहे, तिने हे सगळं एकाच दिवशी करू नये. आधी केंद्रात यावं. अचानक बदललेला नंबर घरात लक्षात येतो, आणि त्याची किंमत तिला मोजावी लागते. छापील प्रतही अशा घरात ठेवू नये, आम्ही केंद्रात जपून ठेवतो.

पहिली बाई मागच्या महिन्यात आली होती. आता एक लाख दहा हजार झालेत. मुलगी बारावीला आहे. जाताना म्हणाली, "ताई, या वर्षीचं व्याज किती ते मी माझं मीच बघितलं."

संध्याकाळच्या सत्रात ज्यांना आपलं विवरण उघडायचं आहे, त्यांनी आधार, पॅन आणि आपला फोन घेऊन मागच्या खोलीत यावं. आपला म्हणजे आपलाच.